डावं मागचं चाक

पिन इतकी हलकी होती की तळहातावर असूनही नसल्यासारखीच वाटत होती — दीड बोट लांब, दोन पाय जुळवून निमूट उभं राहावं तशी, पाय अजून वाकवलेले नाहीत, म्हणजे कोरी, म्हणजे कुठल्याच नटात कधी न गेलेली... मिस्त्रीने मूठ मिटली. सकाळपासून ही तिसरी वेळ. पत्र्याच्या ट्रेमध्ये, वॉशरांच्या आड, ती गेले वीस दिवस पडून होती, आणि त्यातले शेवटचे पंधरा दिवस तिच्याकडे न बघण्याचं काम त्याने इमानेइतबारे केलं होतं.

समोर घोडीवर पोस्टमास्तरांची तीनचाकी चढवलेली होती. लांबच्या प्रवासाची मोटारसायकल; पुढे एक चाक, मागे दोन, दोहोंच्या मध्ये सामानाची पेटी आणि वर आरामखुर्चीसारखी रुंद सीट. ती पहिल्यांदा गॅरेजात आली तेव्हा बघ्यांनी 'ही गाडी की पलंग?' म्हणून दात काढले होते. पोस्टमास्तरही हसले होते. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी त्यांची उजवी बाजू लुळी पडली, मग पाय परत आला पण अर्धाच, आणि दोन चाकांवर तोल सावरणं संपलं. माणूस खिडकीपाशी खुर्ची टाकून बसायला लागला होता, बोलेनासा झाला होता. या गाडीने त्यांना त्या खुर्चीतून उठवलं. पायाचा ब्रेक हातावर आणून दिला तो मिस्त्रीनेच — शिंप्यासारखं बोटांचं माप घेऊन, चारदा लिव्हर बदलून, आणि पाचव्यांदा जेव्हा मास्तरांनी तो दाबला आणि 'बसला रे!' म्हणून ओरडले, तेव्हा दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं... नको. ते आत्ता आठवायला नको.

पण आठवणींना कोण बांध घालणार? वीस दिवसांपूर्वी त्याने तिन्ही चाकांची बेअरिंगं काढून ग्रीस भरलं होतं. काम सोपं. चाक चढवायचं, मोठा नट पान्याने मापात आवळायचा, नटाच्या भोकातून ही पिन आरपार घालायची, तिचे पाय दोन्हीकडे वाकवायचे. मग रस्ता कितीही हादरवो, नट जागचा हलत नाही. चाळीस वर्षं तो हेच करत आला होता — दोन चाकांच्या गाड्यांवर. पुढचं, मागचं, झालं. हातांना तेच पाठ. त्या दिवशीही हातांनी पुढचं केलं, मागचं उजवं केलं, पिनेचे पाय वाकवले, आणि फडकं उचललं. डाव्या चाकाचा नट नुसता बोटांनी फिरवून ठेवलेला होता, नंतर आवळू म्हणून. हात म्हणाले, झालं. आणि मी — चाळीस वर्षांचा अनुभव, 'मिस्त्रीने आवळलेला नट भूकंपालाही सुटायचा नाही' असं ज्याच्याबद्दल लोक म्हणतात तो मी — हातांचं ऐकलं, आणि त्या उघड्या नटावर चाकाची पत्र्याची टोपी ठोकून मोकळा झालो.

चूक कोणाच्या हातून होत नाही? हे त्याने स्वतःला शंभरदा सांगून पाहिलं होतं. त्याची लाज चुकीपाशी थांबली असती तर बरं झालं असतं.

पाचव्या दिवशी डोंगराच्या वळणावर डावं चाक डुगडुगलं, गाडी खडीवर घसरली आणि कठड्याला जाऊन टेकली. मास्तरांना खरचटलंसुद्धा नाही; मागे बसलेल्या वहिनींचं, त्यांच्या बायकोचं, मनगट मोडलं. गाडी टेम्पोत घालून इथे आणली. मिस्त्रीने डाव्या चाकाची टोपी काढली, आणि नट जवळजवळ ओंजळीतच आला. भोक रिकामं. मास्तर काठीवर रेलून मागेच उभे होते, पण त्यांना त्याची पाठ दिसत होती, चाक नाही.

"खड्डा असणार रे," ते म्हणाले होते. "मला दिसलाच नाही. डोळा दगा देतोय की डोकं, कोण जाणे."

गप्प राहिला असता तरी चाललं असतं. नुसतं 'हूं' म्हटलं असतं तरी. पण त्याने घसा साफ केला आणि, कुणी विचारलेलं नसताना, म्हणाला, "खड्डा जोरात बसलेला दिसतोय, मास्तर." आणि त्या म्हाताऱ्या माणसाने मान हलवली, डॉक्टरने शेवटचं सांगितल्यावर हलवावी तशी.

ते 'दिसतोय'... किती सहज आलं होतं तोंडात. जाणकाराच्या आवाजात.

"डावीकडची पिन घातलीस ना?" ताईने काउंटरवरून विचारलं. सुट्या भागांचं दुकान ती सांभाळायची, गॅरेजच्या पुढच्या खोलीत. थोरली बहीण, नजर अशी की कुठल्या खोक्यात किती वॉशर उरलेत ते न उघडता सांगेल.

"घातली."

"परत बघ."

"दहादा बघितलं, ताई."

ती आत आली. तिने त्याच्या मुठीकडे पाहिलं. "मागच्या वेळी मी तीन दिल्या होत्या. ट्रेमध्ये एक पडलेली मी परवाच बघितली."

"जुनी असेल."

"जुनी पिन सरळ असते होय रे? काढलेल्या पिनेचे पाय मोडलेले असतात. मला शिकवतोस?" ती दाराकडे वळली. मग म्हणाली, "लहानपणी आईशी खोटं बोलताना असंच नाक पुसायचास." आणि चालती झाली. ओरडली असती तर त्याला उलट बोलता आलं असतं.

त्याने पिनांचं खोकं उघडलं आणि मूठ सोडली. शेकड्यांत ती एक मिसळून गेली. आता त्यातली ती कुठली, हे त्याला स्वतःलाही सांगता आलं नसतं. आपण हे का केलं, ते मात्र त्याला नीट कळत होतं. त्याने झाकण लावलं.

काल मास्तरांचा निरोप आला होता — गाडी न्यायला येत नाही, विकायची आहे, एखादा चांगला माणूस बघ. तरी आज चार वाजता दोघं आली. निरोप द्यायला नव्हे, गाडीचा निरोप घ्यायला.

"झक्क केलीस रे," मास्तर सीटवरून हात फिरवत म्हणाले.

"एक चक्कर मारून बघा."

"छे. ज्याला खड्डा दिसत नाही त्याने माणसं मागे बसवू नयेत."

"काही सांगू नका भाऊ, ऐकतच नाहीत," वहिनी म्हणाल्या. प्लास्टरमधला हात त्यांनी दुसऱ्या हाताने उचलून धरला होता. "आता घरासमोरच्या रस्त्यावरसुद्धा काठीने चाचपत चालतात. काल भाजी आणायला निघाले आणि फाटकापासून परत आले. परत ती खिडकी, परत ती खुर्ची."

मिस्त्रीने हातातलं फडकं बाकावर ठेवलं. या माणसाला मी बसवलं तिथे. मीच उठवलं होतं आणि मीच...

"मास्तर," तो म्हणाला, "खड्डा नव्हता."

"काय?"

"खड्डा नव्हताच. डाव्या चाकाची पिन मी घालायला विसरलो होतो. नट सुटला. चूक माझी. तुमचे डोळे शाबूत आहेत."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला आणि ते हसले, प्रेमाने, अगदी आतून. "मिस्त्री... तू पिन विसरणार? तू?" त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "तीस वर्षं ओळखतो तुला. माझं मन राखायला स्वतःच्या अंगावर घेतोस होय? बघितलंस गं? याला म्हणतात माणूस." गाडीची किल्ली त्यांनी बाकावर ठेवली आणि दाराकडे वळले. काठीचं टोक आधी पुढे जात होतं, जमीन चाचपत होतं, मग पाऊल.

सुटलो — मिस्त्रीच्या छातीत काहीतरी म्हणालं. सांगितलं की नाही? सांगितलं. आता त्यांना पटत नाही, त्याला मी काय करू? खांदे हलके झाले, श्वास खालपर्यंत गेला, आणि त्या श्वासाची त्याला अशी लाज वाटली की कान तापले; पंधरा दिवसांत कधी वाटली नव्हती एवढी.

वहिनी दारातच थांबल्या होत्या. त्या हसल्या नव्हत्या. प्लास्टरचा हात छातीशी धरून त्या त्याच्याकडे बघत होत्या, वाक्य अजून पुरं व्हायचंय असं ओळखून थांबल्यासारख्या. आणि त्याला कळलं की आत्ता आपण जे बोललो ते खरं असलं, तरी मास्तरांसाठी नव्हतं; स्वतःला मोकळं करण्यासाठी होतं.