पिवळ्या भाताचा शेंडा

"मॅडम, तुमची कंपनी आमच्या गावातून पळून का गेली? आमच्या पायांचा वास येत होता का?"

शाळेच्या हॉलमध्ये आधी खसखस, मग असा हशा की मुख्याध्यापकांना टेबल बडवावं लागलं. किनासीने हे विचारलं ते तिच्या मैत्रिणींनी, नेनेंग आणि यायाहने डिवचलं म्हणून. "दम असेल तर विचार. विचारलंस तर आज ओदीहकाकाचं सूप आमच्याकडून," नेनेंग कानाशी कुजबुजली होती. वर्षभरापूर्वी हजेरीला 'हजर' म्हणतानाही किनासीची मान खाली जायची. पण वक्तृत्वाचा चषक घरी आणल्यापासून कुणी नुसतं "दम असेल तर" म्हटलं, की ही उभीच!

बुटांच्या कंपनीच्या हेस्ती मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. शिवणकामाच्या शेवटच्या वर्गातल्या मुलींना नोकरी द्यायला त्या आल्या होत्या. नोकरी इथे तांगेरांगला नव्हती. इथला कारखाना बंद पडला होता. नवा कारखाना पार तिकडे, जावा बेटाच्या मधल्या प्रांतात, मध्य जावातल्या एका जिल्ह्यात.

"पळालो नाही, बाळ. परवडेना म्हणून गेलो," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक जिल्ह्याचा किमान पगार वेगळा. इथला वाढत वाढत गेला, तिकडचा अजून याच्या निम्मासुद्धा नाही. तूही बाजारात चार पावलांवर स्वस्त मिरची मिळाली तर तिकडेच जाशील ना?"

"मग तिकडचा पगार वाढला की?"

"तेव्हाचं तेव्हा बघू."

इथवर सगळं मैत्रिणींनी पढवलेलं. पुढचा प्रश्न मात्र किनासीचा स्वतःचा होता, आणि तो विचारताना तिचा आवाज उगाचच बारीक झाला. "आणि इथल्या मशिनी? त्या कधी नेणार?"

आता मॅडम हसल्या. "त्या कोण नेतंय? तिकडे सगळं नवं कोरं आहे. त्या राहू देत तिथेच. गंजतील नाहीतर भंगारात जातील."

किनासी खाली बसली. "वाघीण आहेस, वाघीण!" नेनेंगने पाठीत गुद्दा घातला. किनासीला तो लागलाच नाही. तिच्या डोळ्यांसमोर कारखान्याच्या फाटकाबाहेरचा निळ्या ताडपत्रीचा तंबू होता, आणि तंबूत बसलेले बाबा.

तिचे बाबा, कार्दी, त्या कारखान्यात बुटांचे तळ चिकटवायचे आणि संघटनेचे पुढारी होते. फाटकाला कुलूप लागलं तेव्हा त्यांनीच ठरवलं, की कंपनी कामगारांचा हिशोब चुकता करत नाही तोवर एकही मशीन बाहेर जाऊ द्यायची नाही. मशिनींशिवाय मालक जाईल कुठे? झक मारत बोलणी करायला येईल! म्हणून पाळ्या लावून पहारा. सुरुवातीला तंबूत बसायला जागा नसायची. मग कुणी बायकोच्या माहेरी गेलं, कुणी मोटारसायकलवरून माणसं पोचवायला लागलं. आता बाबा आणि दोन म्हातारे उरले होते.

शाळा सुटल्यावर तिघी फाटकाकडे जाणाऱ्या गल्लीत शिरल्या. एकेकाळी या गल्लीत कारखान्याची पाळी सुटली की सायकल धरून चालावं लागायचं, इतकी गर्दी. आता भाड्याच्या खोल्यांना ओळीने कुलपं आणि 'खोली रिकामी आहे' असे पुठ्ठे, उन्हाने अक्षरं पुसत आलेली. ओदीहकाका सूपाच्या गाडीमागे पेंगत होता. त्याची दुसरी गाडी भिंतीला टेकवून उलटी ठेवलेली, आणि तिच्यात कोंबड्या.

"या, या, शेंडेखाऊची लेक आली!" त्याने डोळे किलकिले केले.

शेंडेखाऊ! मागच्या वर्षी मोर्चे निघाले, पगार वाढला, तेव्हा फाटकासमोर मोठं जेवण झालं होतं. तिथे खानावळ चालवणाऱ्या किनासीच्या आईने रात्रभर खपून हळदीच्या भाताचा हा एवढा उंच डोंगर रचला होता, बाजूला तळलेली कोंबडी, अंडी, शेंगदाणे. अशा भाताचा शेंडा आधी कापायचा आणि ज्याचा मान त्याला द्यायचा, ही रीत. खरं तर तो जायचा सगळ्यांत वडीलधाऱ्याला. पण त्या दिवशी कारखान्यातली पोरं ओरडायला लागली, "कार्दीकाकांना! शेंडा कार्दीकाकांना!" आणि बाबांनी लाजत लाजत तो खाल्ला. प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये तो फोटो होता. कारखाना बंद झाल्यावर तोच फोटो गावभर पुन्हा फिरला. खाली लिहिलेलं, 'शेंडा यांनी खाल्ला, उपाशी आपण.'

एरवी किनासी खाली मान घालून पुढे गेली असती. पण आज तिची जीभ सुटलीच होती.

"काका, दुसरी गाडी घेतलीत तेव्हा तो शेंडा कुठे टोचला नाही तुम्हाला!"

यायाहने घाबरून तिची ओढणी खेचली. ओदीहकाकाने पळी खाली ठेवली.

"खरंय गं," तो म्हणाला. "काय दिवस होते! पोरं दोन-दोन वाट्या प्यायची. तुझी आई ताटात अर्ध्याच्या जागी अख्खं अंडं वाढायची. घरमालकाने खोल्या रंगवल्या नि भाडं वाढवलं, मीही वाटीचे पैसे वाढवले. सगळ्यांनी खाल्लं. फोटो मात्र तुझ्या बापाचाच निघाला." त्याने तिच्यापुढे वाटी सरकवली. "पी. पैसे नकोत. नाहीतरी फेकायचंच आहे."

सूप कोमट होतं. पैज जिंकल्याचं सूप असं लागतं हे तिला माहीत नव्हतं.

"मी तर नाव दिलं मॅडमकडे," यायाह वाटीत बघत पुटपुटली. "मीसुद्धा," नेनेंग म्हणाली. "वाघिणीला कॉलेजात जायचंय. आम्हाला काय!"

कॉलेज. पगार वाढल्याच्या रात्री बाबांनी तिला समोर बसवून सांगितलं होतं, "तू मशीनवर बसायचं नाही. या घरात मशीनवर बसणारा मी शेवटचा." बाबा स्वतः त्या मध्य जावातलेच. गावात काम नाही म्हणून तरुणपणी इकडे आलेले. आणि आता काम त्यांच्याच गावाशेजारी जाऊन बसलं होतं, बाबांना इकडेच ठेवून. बाबांच्या वयाच्या माणसाला तिथे कुणी फाटकातही घेणार नव्हतं. त्यांना हव्या होत्या पोरी. शिवण येणाऱ्या, स्वस्त पोरी.

तंबूत आई केळीच्या पानात बांधलेला भात घेऊन आली होती. खानावळीत उरलेला, म्हणजे जवळजवळ सगळाच.

"आलीस? बघ जरा," बाबा तंबूमागच्या कारखान्याच्या खिडकीच्या जाळीतून आत बोट दाखवत म्हणाले. "आजही एक मशीन हललेली नाही. आज ना उद्या ट्रक घेऊन येतील, तेव्हा बोलू आम्ही."

आत अर्धवट काळोखात मशिनी ओळीने उभ्या होत्या. त्यांच्यावर इतकी धूळ होती की कुणीतरी बोटाने नाव लिहावं.

"बाबा, ट्रक येणार नाही."

"कोण म्हणतं?"

"त्यांच्याच मॅडम. मी विचारलं, सगळ्या हॉलसमोर. तिकडे नवं सगळं घेतलंय. या मशिनी त्यांना नकोच आहेत."

दोघा म्हाताऱ्यांपैकी एकाने विडी विझवली, उठला आणि चप्पल शोधायला लागला. बाबा जाळीला नाक लावून तसेच उभे राहिले.

"खोटं बोलत असेल ती," आई म्हणाली. "या लोकांचं काय ऐकायचं? जेवा आधी."

"हो. खोटंच बोलत असेल," बाबा म्हणाले. पण जाळीवरचा हात त्यांनी काढून घेतला आणि पँटला पुसला. "खूप विचारायला शिकलीस पोरी. कॉलेजात तुझं नाव होईल."

किनासी चषकाच्या दिवशी स्टेजवर उभी राहिली होती तशी पाय रोवून उभी राहिली, आणि तिने दोघांना एकदमच सांगून टाकलं. उद्यावर ढकललं तर हिंमत जाईल, हे तिला ठाऊक होतं.

"मी उद्या मॅडमकडे नाव देणार आहे. परीक्षा झाली की जाणार, तुमच्या गावी मोठ्या काकूंकडे राहीन. पैसे इकडे पाठवीन. आणि बाबा, तिकडे कुणी पगार वाढवायचा म्हणून मोर्चाला बोलावलं ना, तर मी जाणार नाही."