सुग्रीवची सतरंजी

मी एक जुना हातमाग आहे, मित्रांनो. बीड जिल्ह्यातल्या एका तुरुंगाच्या कारखान्यात माझे आयुष्य गेले. माझे सागवानी अंग एका कैद्यानेच तासले होते. माझ्यावर विणलेल्या सतरंज्यांवर गावोगावी लग्नाची पाहुणेमंडळी बसत. लोक वीण वाखाणत, विणणाऱ्याचे नाव मात्र कुणी विचारत नसे.

दुष्काळाच्या एका साली उमापूरकडचा सुग्रीव माझ्यासमोर आला. गावात पाण्याच्या टँकरवर भांडण पेटले होते, त्याने रागाच्या भरात शेजाऱ्याच्या डोक्यात घागर घातली आणि तो माणूस दगावला. सुग्रीव कुणाशी बोलत नसे. चिडला की माझे धागे तोडी. एकदा तुरुंगाधिकारी विठ्ठलराव त्याच्याजवळ येऊन बसले.

"सुटल्यावर काय करणार, सुग्रीव?"

"सुटायला लई वरसं हायेत, सायेब."

"म्हणूनच आज विचारतोय. दार उघडल्यावर विचारून काय उपयोग?"

दोघांनी मिळून ठरवले. आधी विणकाम शिकायचे. वागणूक चांगली राहिली की शिक्षेत माफी, मग थोड्या दिवसांची रजा, आणि सुटण्याआधी बाहेर कामाची जागा. विणकाम शिकवणाऱ्या राधाकिशन मास्तरांनी त्याच्या हातात आडवा धागा नेणारा धोटा दिला. हळूहळू त्याच्या हातांतला राग निवला.

रजेवर तो गावी गेला, तेव्हाही तिकडे दुष्काळच होता. "हा काय परत येतोय!" बाकीचे कैदी म्हणत. माझ्यावर त्याची सतरंजी अर्धवट राहिली होती. पण ठरल्या दिवशी तो आला.

"पळावं वाटलं व्हतं, मास्तर," तो म्हणाला. "घरवाली शिवकन्या कोसावरून पानी आनती, बघवत न्हाई. पर तीच म्हनली, पळालात तर जल्मभर लपावं लागंल. सुटून या, मी हाय."

पुढे सिरसाळ्याकडच्या विणकर बायकांच्या सहकारी संस्थेच्या अध्यक्षा सरस्वतीबाई त्याला कामावर घ्यावे का ते पाहायला आल्या.

"कुनाला मारलंस?"

"शेजाऱ्याला. भारत नाव त्याचं."

"कावून?"

"घागरभर पान्यापायी. त्याची काय चूक नव्हती, बाई. माजीच व्हती."

सरस्वतीबाईंनी विणीवरून हात फिरवला. "आमच्या बाया भितील. मी बोलते त्यांच्याशी."

बाया आधी नाहीच म्हणाल्या. पुष्कळ दिवसांनी तयार झाल्या.

सुटकेच्या सकाळी सुग्रीव मला फडक्याने पुसून निघाला. कारखान्याचे दार सताड उघडे होते, तरी तो उंबऱ्यात थांबला. कुणी 'चल' म्हटल्याशिवाय बाहेर पडायची सवयच मोडली होती. शेवटी मास्तर म्हणाले, "अरे, जा की आता!" तेव्हा कुठे त्याचा पाय उचलला.

आज माझ्या दोऱ्या उंदरांनी कुरतडल्या आहेत. जमले तर मला थोडे तेल द्या, मी अजून चालेन. पण मित्रांनो, शिक्षा भोगून आलेला कुणी तुमच्या दारात असाच घुटमळला, तर आधी त्याला 'ये, बस' म्हणा.