लाकडाची वेगळी, लोखंडाची वेगळी

थोरल्या साडूने ड्रिलचं बिट काचेच्या काउंटरवर आडवं ठेवलं आणि बोटाने ढकललं. ते डगमगत गेलं.

"वाकडं आहे," तो म्हणाला.

"काउंटरला उतार आहे," दुकानदार म्हणाला.

काउंटरचा उतारही गिऱ्हाइकाला गंडवायलाच ठेवला असावा, अशा नजरेने थोरल्याने दुकानदाराकडे पाहिलं. दुसरं बिट उचललं, टोक डोळ्याजवळ धरलं, दोन्ही धारा बरोबर मधोमध मिळतात का ते बघितलं, पिवळ्या मुलाम्यावर नख घासलं.

"हा नुसता रंग नाही ना?"

"घासा हवं तेवढं. नख जाईल तुमचं."

धाकटा साडू बाजूला बिजागऱ्या बघत उभा होता. दोघांच्या बायका सख्ख्या बहिणी, आणि त्यांच्याच हट्टापायी दोघांनी मिळून कारखाना काढलेला. लाकूड थोरल्याकडे, लोखंड धाकट्याकडे. टेबलाची फळी याची, पाय त्याचे. चांगलं चाललं होतं. पण थोरल्याच्या बायकोने धाकट्याला नाल्यापलीकडच्या रिकाम्या शेडच्या मालकाशी बोलताना पाहिलं, आणि तेव्हापासून थोरल्याच्या मनात पाल चुकचुकत होती. हा वेगळा झाला तर नुसत्या फळ्या कोण घेणार? धाकटा ताकास तूर लागू देत नव्हता, आणि सरळ विचारणं थोरल्याच्या रक्तातच नव्हतं. तो आडून विचारायचा, आणि मिळालेल्या उत्तरावरही विश्वास ठेवायचा नाही.

त्यात त्याची लाकडाची बिटं एकामागून एक वाया जात होती. लाकडाच्या बिटाला मधोमध अणकुचीदार टोक असतं; ते लोखंडात घातलं की गेलंच म्हणून समजा. हा चोरून बाहेरची कामं करतोय आणि तीही माझ्या बिटांनी, असं थोरल्याने मनाशी पक्कं धरलं होतं. धाकट्याने 'मी नाही' म्हटलं होतं. ते काय, कोणीही म्हणेल.

दुकानदाराने लोखंडाची पट्टी शिकंज्यात धरून नवं बिट चालवून दाखवलं. भुकटी पडली नाही, किंचाळी नाही. लोखंडाची लांबलचक गुंडाळी सुटत आली. थोरल्याला ते आवडलं, पण त्याने चेहऱ्यावर दाखवलं नाही. खिशातून एक खराब बिट काढून त्याने काउंटरवर टाकलं.

"हे बघा. लाकडाचं बिट कोणीतरी लोखंडाला लावलंय. सांगा, खरं ना?"

बोलताना त्याने धाकट्याकडे पाहिलं.

दुकानदाराने बिट उजेडात फिरवलं.

"लोखंडाला लावलं असतं तर टोक जळून निळं पडलं असतं. इथे एका बाजूचा टवका उडालाय. आत खिळा लागलाय. जुनं लाकूड वापरता का?"

गेल्या महिन्यात थोरल्याने मोडक्या दारांचं लाकूड उचललं होतं. स्वस्तात मिळालं म्हणून घरभर मिरवलंही होतं. दुकानदाराच्या हातातलं बिट घेऊन त्याने परत खिशात टाकलं. 'सांगितलं होतं ना' म्हणायला धाकट्याला आयती संधी होती, पण त्याने हातातली बिजागरी नुसती उघडली आणि मिटली.

"एक संच बांधा," थोरला घाईने म्हणाला. "लाकडाचीही घाला, लोखंडाचीही."

"दोन संच," धाकटा म्हणाला.

"एक पुरतो की आपल्या दोघांना."

"पुरत होता."

थोरल्याने काउंटरची कड धरली.

"शेड घेतलीस?"

"घेतली."

"कधी ठरवलंस?"

"तुम्ही बिटांच्या खोक्याला कुलूप लावलंत ना साडूभाऊ, त्याच दिवशी."

आवाजात राग नव्हता. राग असता तर थोरल्याला बरं वाटलं असतं, भांडता तरी आलं असतं. 'चुकलं माझं' म्हणायचं सोडून तो काउंटरवरची बिटं सारखी करू लागला. दुकानदाराने एक ढीग थोरल्यापुढे सरकवला आणि धाकट्याच्या संचासाठी खणातून मूठभर बिटं काढली.

थोरल्याने त्याचा हात धरला.

"अशी मूठ भरून नाही द्यायची."

मग तो एकेक बिट घेऊन बसला. काचेवर घरंगळवून, धारा बघून, नख घासून. दुकानदार वैतागला तरी त्याने अर्धी परत केली. स्वतःच्या ढिगातलं एक अगदी सरळ बिट त्याने धाकट्याच्या ढिगात सरकवलं.

"एकाच पुडक्यात बांधू ना?" दुकानदाराने विचारलं.

धाकट्याने थोरल्याकडे पाहिलं.

"वेगवेगळी," थोरला म्हणाला. "त्याचं आधी बांधा."