बाईंच्या वाकड्या बटा

वॉर्डातल्या प्रत्येक खाटेशी एक पाटी होती: 'माझं ध्येय'. ते ज्याचं त्यानं लिहायचं, असा नियम. पण व्यायामवाल्या बाईंना एवढा धीर कुठला! सगळ्या पाट्या त्यांनीच सुवाच्य अक्षरात लिहून टाकल्या होत्या.

खिडकीजवळच्या खाटेवरचे वस्ताद त्या पाटीकडे ढुंकूनही बघत नसत. चाळीस वर्षं लोकांचे केस कापले, मग एका झटक्यात डावी बाजू लुळी पडली आणि माणूस रुसून बसला. आता पायात जोर परतला होता, मनात नव्हता. शुक्रवारच्या फेरीत मोठ्या डॉक्टरांना दहा पावलं दिसली नाहीत, तर व्यायाम बंद आणि वस्ताद कायमचे अंथरुणात. बाई रडकुंडीला आल्या होत्या.

"काका, नातीबरोबर बागेत जायचं ना?"

"नात सायकलवर असते. तिच्यामागे धावू की काय?"

"बरं, घरचा जिना उतरायचा ना?"

"खाली काय ठेवलंय?"

पालथ्या घड्यावर पाणी, तेही बादल्या भरभरून!

बुधवारी सकाळच्या घाईत बाईंनी आरशासमोर स्वतःच कपाळावरच्या बटा कापल्या. एक बाजू भुवईवर, दुसरी थेट टाळूच्या वाटेला. तशाच कामावर आल्या. वस्तादांनी मान वर केली आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा ताठ बसले.

"हे कुणी केलं?"

"मीच."

"बाई, हे केस आहेत, गवत नव्हे! बसा इथं."

आधी दोन पावलं टाका, हे बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं आणि विचारलं, "काय काय लागेल तुम्हाला?"

"कात्री, कंगवा, खुर्ची." वस्तादांनी डाव्या हाताकडे बघितलं. "कंगवा ह्या शहाण्याला धरावा लागेल. आणि मला उभं राहावं लागेल. बसून कुणी केस कापतं का?"

मग काय विचारता! दोन दिवस वस्तादांनी बाईंनाच घाम फोडला. कंगवा पडला की पुन्हा उचल, पुन्हा धर. बाई म्हणाल्या, "आता विश्रांती घ्या," की हे ओरडत, "गिऱ्हाईक खोळंबलंय!"

शुक्रवारी मोठे डॉक्टर आले, तेव्हा बाई गळ्याला चादर गुंडाळून खुर्चीत बसल्या होत्या आणि वस्ताद खुर्चीच्या आधारानं त्यांच्याभोवती फिरत होते. हातात नर्सताईंची बोथट कात्री. अख्खा वॉर्ड मोठ्यानं पावलं मोजत होता. दहाला टाळ्या पडल्या, अकराला शिट्टी. डॉक्टरांनी कानावरचे केस चाचपत विचारलं, "माझा नंबर कधी?"

आरसा आला. बाईंना हसू आवरेना. बटा आता दुसऱ्या बाजूनं वाकड्या झाल्या होत्या.

"काका, वाकड्याच आहेत की हो!"

"दिसतंय मला." वस्तादांनी पाटीवरचं बाईंचं अक्षर बाहीनं पुसलं, खडू मागितला आणि सावकाश लिहिलं: 'उद्या बाईंचे केस सरळ करणे.'

दुसऱ्या दिवशी बाईंची सुट्टी होती. त्या आल्या, केस धुऊन.