नळाचा आवाज

सुतारकाकांचा उजवा डोळा कर्करोगाने गेला, तेव्हा ते म्हणाले होते, "फळी सरळ आहे का बघताना एक डोळा मिटावाच लागतो. तेवढे कष्ट वाचले." सगळी गल्ली हसली होती. आता तोच रोग यकृतात पसरला होता आणि काकांना विनोद म्हणून सुचत नव्हता.

डॉक्टरांनी दुहेरी उपचार ठरवले होते. शरीराची प्रतिकारशक्ती रोगाच्या अंगावर सोडणारं औषध सलाइनमधून सुरू झालंच होतं. आज यकृताचा रक्तप्रवाह तेवढ्यापुरता वेगळा करून त्यात जहाल केमो सोडायची आणि बाहेर येणारं रक्त गाळून परत अंगात घालायचं, असा बेत होता. दोन्ही मिळून गाठी आटोक्यात येतील, अशी आशा होती.

पण पहिल्या औषधाने काकांचं पोट बिघडलं. जुलाब झाले तर लगेच कळवा, असं नर्सने बजावलं होतं. काकांनी ब्र काढला नाही. सांगितलं तर आजचं रद्द होईल, या धास्तीने ते घरी नळ सोडून संडासात बसत. असला वेडेपणा भीतीच करून घेते. बाहेर काकू भाजी चिरत असत. त्यांनीही कधी विचारलं नाही.

आता काका स्ट्रेचरवर होते.

"पोटाची काही तक्रार?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"छे, छे! पोट अगदी ठणठणीत."

"खोटं बोलतायत हे," काकू म्हणाल्या. "आठवडा झाला, जुलाब होतायत. परवा रक्तही पडलं. मी पाहिलंय."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढले. आतड्याला सूज असताना हे केलं तर जिवावर बेतेल, त्या म्हणाल्या. आधी सूज उतरवायची, मग पुढचं बघायचं.

"तोवर गाठी वाढल्या तर?" काकांनी विचारलं.

"वाढू शकतात."

त्या गेल्या. खोलीत दोघंच उरली.

"तोंड बंद ठेवता आलं नाही तुला?" काका काकूंवर ओरडले. "मारलंस मला!"

काकू भिंतीला टेकून उभ्या होत्या, हातातली पिशवी छातीशी घट्ट धरून. काकांना त्यांचा चेहरा दिसला आणि राग कुठल्या कुठे पळाला. उद्या काही वाईट झालं, तर ही बाई जन्मभर मनाला लावून घेईल. काकांना मरणाहून त्याचीच जास्त भीती वाटली.

फोन वाजला. लेकीचा होता. काकूंनी पिशवीतून काढून तो काकांच्या हातात दिला.

"अगं, आजचं पुढे ढकललं. पोट बिघडलंय माझं... नाही, मीच सांगितलं डॉक्टरांना. तुझ्या आईला तर काही ठाऊकच नव्हतं."