ब्याऐंशी डिग्रीची झडप

नागोजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकत होता. हे गॅरेजमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं आणि एकटा नागोजी ते नाकारत होता. मद्रासला अण्णा नगरच्या त्या एकाच गॅरेजात एकतीस वर्षं राबलेला माणूस! जुना मालक वारला, त्याचा मुलगा वेंकट खुर्चीवर बसला, आणि या वेंकटने मागच्या महिन्यात आजोबा म्हणता म्हणता तोंडावर सांगून टाकलं, "तात्ता, आणखी एक गाडी तक्रार घेऊन परत आली की तुम्ही घरी." निमित्त काय, तर एक बोल्ट ढिला राहिला होता. एका बोल्टापायी एकतीस वर्षं पाण्यात.

म्हणून त्या रविवारी सकाळी सिद्धार्थची पांढरी गाडी बॉनेटमधून वाफ सोडत दारात येऊन थांबली, तेव्हा म्हातारा हातातलं काम टाकून धावला. पंधरा दिवसांपूर्वी त्या गाडीचं काम त्यानेच केलं होतं.

सिद्धार्थ नाशिकचा. शहराबाहेर इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे थर्मोस्टॅट बनवणाऱ्या एका कारखान्यात माल तपासायला होता. थर्मोस्टॅट म्हणजे लिंबाएवढी पितळी झडप. इंजिन गार असेपर्यंत ती पाणी अडवून धरते, तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे सोडते. मद्रासचे जुने मेकॅनिक ही झडप सरळ काढून फेकतात, कारण इथल्या उन्हात गार इंजिन असतं कुणाचं? नागोजीही जन्मभर तेच करत आला. पण सिद्धार्थने "हा अडाणीपणा आहे काका" म्हणत अर्धा तास व्याख्यान झोडलं, खिशातून कारखान्याची कोरी झडप काढली आणि बसवायला लावली. नागोजीने मुकाट्याने बसवली. का बसवली सांगू? पोराने मराठीत सांगितलं म्हणून. तंजावरची मराठी बोलायला त्याला घराबाहेर माणूस नव्हता, आणि घरात नातवंडं तमिळमध्ये उत्तरं द्यायची. हा पोरगा आला की म्हातारा विरघळायचा. सिद्धार्थ त्याच्या बोलण्याला फिदीफिदी हसायचा, त्याचंही याला कौतुक! काय म्हणावं अशा माणसाला.

"काय करून ठेवलंत काका?" सिद्धार्थ उतरता उतरता खेकसला. "सिग्नलला उभा होतो, काटा लाल रेघेवर!"

"बघतों की राव. इंजिन बंद करूं नका, एक निमिषम थांबा."

डोळे नसले तरी हात शाबूत होते. नागोजीने पट्टा चाचपला, घट्ट होता. बाटलीत पाणी होतं, बुडबुडे येत नव्हते, म्हणजे आत काही फुटलं नव्हतं. मग त्याने इंजिनातून रेडिएटरकडे जाणाऱ्या वरच्या नळीवर तळवा ठेवला. इंजिन भट्टीसारखं पेटलेलं आणि नळी कोमट! पंखाही गप्प. फिरणार कसा? तापल्यावर तो चालू करणारं बटण रेडिएटरला, आणि गरम पाणी तिथवर पोचतच नव्हतं.

"करा बंद. झडप उघडत नाहीं," तो म्हणाला.

"शक्यच नाही. तुम्ही उलटी बसवली असणार."

नागोजी वाद घालत बसला नाही. तासाभराने इंजिन निवल्यावर त्याने दोन बोल्ट सोडले आणि झडप बाहेर काढली. सुलटीच होती. सिद्धार्थने ते डोळ्यांनी पाहिलं. शेजारच्या चहावाल्याकडून पातेलं आणून नागोजीने त्यात झडप तारेवर टांगली आणि स्टोव्ह पेटवला. झडपेवर ब्याऐंशीचा आकडा कोरला होता, तेवढ्या डिग्रीला तिने तोंड उघडायला हवं. पाणी कढलं, उसळून स्टोव्हवर सांडलं. झडप ढिम्म.

"वांचलों!" म्हातारा लहान मुलासारखा टाळी पिटत म्हणाला. "माझें चुकलें नाहीं राव! मालच खोटा. आतां वेंकट येईल त्याला हेंच दाखवूं."

सिद्धार्थने चिमट्याने झडप उचलली, तिच्यावरचा नंबर वाचला आणि त्याचा चेहरा उतरला.

"काका, या लॉटवर माझी सही आहे," तो हळूच म्हणाला. "पन्नास नग पुन्हा पुन्हा उकळून बघायचे होते, पुढे अडकतात का ते. मी दोन बघितले आणि ठोकली सही. सहा हजार झडपा बाजारात गेल्या. वेंकटला कळलं तर तो उद्या कारखान्याला फोन लावेल."

"मग इतर गाड्यांचें काय?"

"तापतील. मरत नाही कोणी." त्याने झडप रुमालात गुंडाळून खिशात घातली.

तेवढ्यात वेंकट देवळातून आला, कपाळावर ताजी विभूती. गाडी बघून त्याच्या भुवया चढल्या. "परत? काय झालं सार?"

सिद्धार्थ इंग्रजीत घडाघडा बोलला. "झडप उलटी बसवली होती. तुटली ती. इंजिन बसलं असतं माझं."

नागोजीला इंग्रजी तेवढं कळत होतं. "अय्यो, राव, हें काय बोलतां?" तो मराठीत ओरडला. "खरें सांगा! माझी नोकरी जाते हो!"

सिद्धार्थही मराठीतच उत्तरला, अगदी शांतपणे. वेंकटला यातलं अक्षरही कळत नव्हतं. "मला माहितीये तुमची चूक नाही. पण पुढच्या महिन्यात मला मॅनेजर करतायत. तुम्ही काय, आज ना उद्या घरी बसणारच होतात."

माणूस इतका निर्लज्ज असू शकतो? नागोजी वेंकटकडे वळला आणि तमिळमध्ये सगळं सांगू लागला: झडप याच्या खिशात आहे, सही याची आहे, आत्ता याने स्वतः कबूल केलं. वेंकटने ऐकून घेतलं. गिऱ्हाइकाचे खिसे तपासायची त्याची छाती नव्हती. त्याने सिद्धार्थला विचारलं, "आत्ता तुम्ही दोघं काय बोललात?"

"जाऊ द्या हो," सिद्धार्थ खाली बघत म्हणाला. "माझ्यापुढे रडत होते. डोळ्यांना काही दिसत नाही, मालकाला सांगू नका, म्हणत होते. मलाच वाईट वाटलं."

आणि वेंकट विरघळला! तो रागावला असता तर नागोजी भांडला तरी असता. पण वेंकटने त्याच्या खांद्यावर हात ठेवला, हातातला पाना हळूच काढून घेतला. "तात्ता, मलाच सांगायचंत ना आधी. लाज कसली त्यात? जा, घरी जा. आराम करा."

नागोजीने हात फडक्याला पुसले. मग आज्याने शिकवलेल्या, आता घरातही कोणी बोलत नसलेल्या भाषेत, सिद्धार्थकडे बघत तो म्हणाला, "तुझें वाटोळें होवो. तुझ्या अन्नांत माती पडो."

"काय म्हणतायत?" वेंकटने विचारलं.

"आभार मानतायत," सिद्धार्थ म्हणाला.