रुखमाचा नंबर

सपना वानखेडे नर्स म्हणून त्या दवाखान्यात रुजू झाली ती २००१ सालच्या मार्चात, आणि पहिल्याच आठवड्यात तिला रजिस्टरात रुखमा भेटली. रुखमा, राहणार टोला, वय चोवीस, तक्रार कमजोरी. दोन ओळी सोडून पुन्हा तीच रुखमा, तेच वय, तीच कमजोरी. बाई फारच किरकिरी दिसते, असं सपनाला वाटलं. मग काही कामासाठी तिनं कपाटातली जुनी रजिस्टरं काढली. ९९ सालात रुखमा चोवीस वर्षांची होती. ९६ सालातही चोवीसचीच होती.

सपनाच्या गावी, पिपरी मेघेला, शेजारच्या काकू दरवर्षी अडतिसाव्या वर्षातच असत, त्यामुळे तिला आधी हसू आलं. पण एका गुरुवारी एकाच दिवसात चार रुखमा आल्या. एकीला ताप होता, एकीच्या कडेवर मूल होतं, एक म्हातारी होती आणि एक पोटुशी. चौघींचं कार्ड एकच. त्या कार्डावर लाल शाईत लिहिलेलं होतं, ‘पेनिसिलिन चालत नाही’. चौघींपैकी कोणाला चालत नाही, हे सांगणारं कोणी नव्हतं. सपनाचं हसू तिथंच संपलं. चुकीच्या रुखमाला सुई टोचली गेली, तर एखादी बाई आपल्या हातानं मरेल, या भीतीनं तिला नीट जेवण जाईना.

हमरस्त्यावरच्या जाम गावाच्या चौकातून आत सात-आठ किलोमीटर गेलं की हा दवाखाना लागायचा, आणि त्याच्याही पलीकडे, जंगलाच्या कडेला गोंडांची वस्ती, टोला. टोल्यावरच्या बाया गोंडी बोलत. बाजारापुरतं मराठी त्यांना कळे, पण दवाखान्याचा ओटा चढला की तेवढंही त्यांच्या तोंडातून निघत नसे. त्यांचं बोलणं डॉक्टरांना समजावून सांगायचं काम मधुकरराव शिपाई करत. वीस वर्षांपासून करत होते. मधुकररावांना गोंडी येत होती, पण ती कोंबडी विकत घेण्यापुरती.

“या सगळ्याइचं नाव रुखमा कसं?” सपनानं त्यांना विचारलं.

“सिस्टर, तुमी काऊन डोकं लावून राह्यल्या?” मधुकरराव चष्मा पुसत म्हणाले. “नाव इचारलं का तेच सांगते. मी का करू? टोल्यावरच्या बायाइले एकच बिमारी असते, कमजोरी. लाल गोळ्या द्या, घरी जाते.”

माणूस वाईट नव्हता. पेशंटला उन्हात उभं राहू देत नसे, स्वतःच्या माठातलं पाणी पाजी. पण सपनाला त्या दिवशी त्यांचा मनापासून राग आला. वीस वर्षं एकच उत्तर लिहायचं आणि शांत झोपायचं, हे कसं जमतं माणसाला?

त्यानंतर ती व्हरांड्याकडे नीट पाहू लागली, आणि तिला ते बाकडं दिसलं.

बाकडं लांबलचक होतं, डॉक्टरांच्या खोलीच्या दारापासून पार टोकाच्या भिंतीपर्यंत. गुरुवारी त्यावर टोल्यावरच्या बाया दाटीवाटीनं बसत. जागा पुरली नाही की खाली फरशीवर बसत. पण भिंतीकडची शेवटची जागा कोणी घेत नसे. पाय सुजलेली म्हातारी फरशीवर बसली, तरी ती एका माणसाची जागा मोकळीच. दवाखाना झाडणाऱ्या लीलाबाई रोज सगळा व्हरांडा एका बादलीत पुसून काढत, आणि शेवटी नव्यानं पाणी भरून आणून तेवढीच जागा वेगळी पुसत. फिनाईल न टाकता, साध्या पाण्यानं.

आणखी एक गोष्ट होती, आणि ती सपनानं कोणालाच सांगितली नाही. त्या जागेशेजारी जी बाई बसलेली असे, ती भिंतीकडे कलून हळू आवाजात काहीतरी बोलत असे. मध्येच थांबे, ऐकल्यासारखी मान हलवी, पुन्हा बोले. तिचं सांगून झालं की उठून मागे जाई आणि दुसरी बाई तिथं सरके. भर दिवसा, अकरा-साडेअकराच्या लख्ख उजेडात हे चाले. सपनाला अंगावर काटा आला, आणि आपण शिकलेल्या नर्स आहोत याची तिला स्वतःलाच आठवण करून द्यावी लागली.

एप्रिलातल्या एका गुरुवारी मात्र तिचा धीर सुटला. व्हरांडा गच्च भरला होता. बाकड्याच्या टोकाला, रिकाम्या जागेला लागून एक पोटुशी पोर बसली होती. सात-आठ महिने सहज झालेले. शेजारी तिची आई. पोरीचे ओठ पांढरे पडले होते. मधुकररावांनी नाव विचारलं. आईनं सांगितलं, रुखमा.

“कमजोरी,” मधुकररावांनी लिहिलं. “बस, नंबर लागला का बलावतो.”

सपनाच्या डोक्यात तिडीक गेली. हे खूळ आज मोडायचंच, असं म्हणत ती तरातरा चालत गेली आणि त्या रिकाम्या जागेवर जाऊन बसली.

सगळा व्हरांडा एका क्षणात गप्प झाला. मुलंसुद्धा रडायची थांबली. लीलाबाईंच्या हातातला झाडू तिथंच थांबला. सपनाला वाटलं होतं, बाया ओरडतील, निदान उठून जातील. त्यांनी तसं काहीच केलं नाही. त्या फक्त तिच्याकडे पाहायच्या बंद झाल्या. ती तिथं नाहीच अशा त्या समोर पाहत राहिल्या.

जागा गार होती. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन आणि ते लाकूड विहिरीच्या कठड्यासारखं गार. तिथून डॉक्टरांच्या खोलीचं दार दिसत होतं, आणि दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या मधुकररावांची पाठ. दुसरं काही दिसत नव्हतं. आवाज दिला तर त्या पाठीलाच द्यावा लागला असता. उठावं, असं सपनाच्या मनात आलं, पण पाय उचलले जाईनात.

मग ती पोटुशी पोर तिच्याकडे कलली. तोंडाकडे न पाहता तिनं सपनाचा हात धरला, तिच्या कानाशी ओठ नेले आणि बोलू लागली. गोंडीत, भरभर, रडं दाबून. बहिणीला सांगावं तसं. सपनाला त्यातलं काही कळत नव्हतं. फक्त एक शब्द पुन्हा पुन्हा येत होता. नत्तूर. नत्तूर. पोरीचा हात बर्फ झाला होता.

“लीलाबाई,” सपना ओरडली, “नत्तूर म्हणजे का व्हय? कोनाले माहीत हाये?”

लीलाबाईंचा चेहरा उतरला. त्या जागच्या हलल्या नाहीत.

“रगत,” त्या म्हणाल्या. “पोरीले रगत जाऊन राह्यलं, बाई. सकाळपासून.”

सपनानं पोरीच्या लुगड्याकडे आता पाहिलं. आत घड्या करून दाबलेल्या चिंध्या भिजून रक्त बाकड्याखाली उतरत होतं. गडद रंगाच्या कपड्यावर ते कोणालाच दिसलं नव्हतं. मग मात्र सपनाचे पाय उचलले गेले. दवाखान्याची जीप बाहेर उभी होतीच. सलाईन लावून, पोरीचे पाय मांडीवर उंच धरून सपना तिला वर्ध्याला घेऊन गेली. वाटेत तिनं आईला पुन्हा नाव विचारलं. आईनं या वेळी खरं सांगितलं, रीना.

बाळाची वार गर्भाशयाच्या तोंडाशी खाली सरकलेली होती. ऑपरेशन झालं, रीना वाचली, बाळही वाचलं, पावणेदोन किलोचं का होईना. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सोबतचा कागद उलटून पाहिला आणि एवढंच विचारलं, “हिचं सकाळपासून रक्त जातंय. मग इथं कमजोरी कोणी लिहिलं?”



दुसऱ्या दिवशी सपनानं लीलाबाईंना समोर बसवलं. “तुमाले गोंडी येते?”

“माह्यं बालपन टोल्याच्या बाजूलेच गेलं, बाई. त्याइच्या पोरीसंगच वाढली मी.”

“मंग इतके वर्षं बोलल्या काऊन नाई?”

“मले कोन इचारते? मी झाडूवाली.” लीलाबाई पदराशी चाळा करत राहिल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते थांबत थांबत, भिंतीकडे पाहत सांगितलं. ब्याण्णव साली रुखमा नावाची एक बाई आली होती. चोवीस वर्षांची, पोटुशी. सकाळी नऊला आली. भिंतीकडच्या त्या जागेवर बसली. नत्तूर, नत्तूर म्हणत होती. मधुकररावांनी कमजोरी लिहिलं आणि तिला नंबर दिला. दुपारी एकला डॉक्टर जेवायला गेले, तेव्हा ती भिंतीला डोकं टेकून, गार होऊन बसलेली होती. नंबर लागलाच नाही. “म्या आयकलं होतं, बाई. मले समजत होतं. पन साहेबासमोर झाडूवालीनं बोलाव का? तवापासून टोल्यावरच्या बाया तिचंच नाव सांगते. म्हनते, ते लाइनीत हाये अजून. तिचा नंबर लागल्याबिगर आमचा कसा लागन? आन दुखनं तिलेच सांगते. दवाखान्यात त्याइची बोली समजनारी ते एकलीच हाये म्हनते.”

मधुकरराव दारात उभे राहून ऐकत होते. त्यांनी चष्मा काढला.

“बाईमानसाले असं कसं इचारू, सिस्टर?” ते म्हणाले. “साहेबासमोर तो रगताचा शब्द मी कसा घेऊ? मले पन लाज हाये. सावलीची जागा म्हून म्याच बसवलं होतं तिले तिथं. पानी देल्लं होतं.” आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. सपनाला रागवायचं होतं, पण तिच्याच्यानं रागावलं गेलं नाही.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरांच्या टेबलाशेजारी एक स्टूल आलं. त्यावर लीलाबाई बसल्या, धुतलेलं लुगडं नेसून, हात कुठं ठेवावेत ते न कळून. व्हरांडा भरला होता. भिंतीकडची जागा रिकामीच होती. रीनाची आई त्या जागेच्या शेजारी बसली होती.

सपनानं ब्याण्णवचं रजिस्टर काढलं. ओळ सापडली. नंबर एक्केचाळीस, रुखमा, टोला, चोवीस, कमजोरी. पुढचे रकाने कोरे. ती दारात येऊन उभी राहिली. आपण हे काय करतो आहोत, असं तिला वाटलं, पण तिनं हाक मारली.

“एक्केचाळीस. रुखमा.”

मग आतून स्टूल सरकल्याचा आवाज आला. लीलाबाई उठून दारापर्यंत आल्या होत्या. आधी त्या भिंतीकडे पाहत गोंडीत काहीतरी बोलल्या, आणि मग डॉक्टरांकडे वळून, नऊ वर्षं गिळून ठेवलेलं वाक्य त्यांनी मोठ्यानं म्हटलं.

“साहेब, रुखमाले रगत जाऊन राह्यलं. सकाळपासून.”

सपनानं ‘कमजोरी’वर रेघ मारली आणि लिहिलं, रक्तस्राव. लिहून तिनं मान वर केली.

भिंतीच्या टोकापासून दारापर्यंत, एकीमागून एक, बाकड्यावरच्या सगळ्या बाया पाय आखडून घेत होत्या, समोरून जाणाऱ्या कोणालातरी वाट द्यावी तशा. शेवटचे पाय दाराशी आत ओढले गेले. सपना चौकटीला चिकटून बाजूला झाली. तिच्या हाताला गार लागलं.

मग रीनाची आई सरकली आणि भिंतीकडच्या त्या जागेवर टेकून बसली.

“नाव?” मधुकररावांनी हळूच विचारलं.

तिनं स्वतःचं नाव सांगितलं.